सही कुणाची, ठरवलं कुणी

२०२४च्या मे अखेरीस आमच्या घरच्या ग्रुपवर भाच्यानं एक बातमी टाकली. रिझर्व्ह बँकेनं इंग्लंडमधून १०० टन सोनं भारतात आणलं. बातमीखाली त्याची स्वतःची फोडणी : 'काँग्रेसनं गहाण टाकलेलं सोनं शेवटी सोडवून आणलं!' त्याखाली अंगठे, झेंडे, जोडलेले हात. निवडणुकीचे दिवस, त्यामुळे सगळ्यांनाच जोर आलेला.

मी लिहिलं, अरे, बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण पडलेलं सोनं १९९१ सालातच सुटलं. ते फक्त तिथल्या तिजोरीत ठेवलं होतं, बँकेत लॉकर असतो तसं. आणि १९९१ साली देशाबाहेर सोन्याची पहिली खेप गेली तेव्हा काँग्रेसचं सरकार नव्हतं.

'मावशी, तू नेहमी उलटंच बोलतेस.'

तेव्हा गप्प बसले. पण विषय काही डोक्यातून गेला नाही, म्हणून आता इथं लिहितेय. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या फोर्टमधल्या शाखेत तीस वर्षं काढली. (कुठल्या, ते विचारू नका, पेन्शन तिथूनच येते.) त्यातली १९८८ ते १९९३ ही वर्षं परकीय चलन विभागात, आयातीच्या टेबलावर गेली. त्यामुळे १९९१ साल मी पुस्तकात वाचलेलं नाही, ते माझ्या टेबलावर रोज फायलींतून येत होतं.

तेव्हाचं काम आताच्या मुलांना सांगितलं तर दंतकथा वाटेल. टेलेक्स खडखडायचा, कार्बन पेपरनं बोटं निळी व्हायची, आणि परदेशातून माल मागवायचा तर पार्टीला आमच्याकडे एलसी उघडावी लागायची. एलसी म्हणजे बँकेची हमी : माल जहाजात चढल्याचे कागद आले की आम्ही पैसे देऊ. त्यासाठी पार्टीनं थोडी रक्कम आधी ठेवायची, ते मार्जिन. चांगल्या पार्टीचं मार्जिन कमी, नव्याचं जास्त. हे मॅनेजर ठरवायचे, माणूस बघून.

ऑक्टोबर १९९०मध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. आता माणूस बघायचा नाही. भांडवली यंत्रसामग्री सोडून सगळ्या आयातीवर ५० टक्के मार्जिन, रोख.

माझ्याकडे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले एक कारखानदार यायचे. कारखानदार म्हणजे काय, दोन मोल्डिंग मशिनं, सहा माणसं, पेनांची टोपणं. त्यांना लागणारे प्लॅस्टिकचे दाणे बाहेरून यायचे, दर खेपेला साधारण तीन लाखांचे. गृहस्थ मूळचे साताऱ्याकडचे, पांढरा शर्ट, वरच्या खिशात कायम स्वतःच्याच टोपणाचं पेन. ऑक्टोबरात त्यांनी दीड लाख ठेवले. कुरकुरत, पण ठेवले. मार्चमध्ये दुसरं परिपत्रक आलं : मार्जिन १३३ पूर्णांक एक तृतीयांश टक्के. तो एक तृतीयांश कुणाच्या डोक्यातून निघाला होता देव जाणे, आमच्या कॅल्क्युलेटरवर नुसते तीनच तीन यायचे. त्यांच्या तीन लाखांवर चार लाख झाले. आणि एप्रिलमध्ये तिसरं. २०० टक्के.

तीन लाखांचा माल मागवायचा तर सहा लाख आधी आणून ठेवा.

ते समोरच्या खुर्चीत बसले. मी परिपत्रक त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, 'बाई, हे कुणी ठरवलं?'

मी खालच्या सहीवर बोट ठेवलं.

'सही करणारा नव्हे हो. ठरवणारा. त्याचं नाव सांगा.'

मी म्हटलं, वरून आलंय. बँकेत हे उत्तर आम्ही दिवसातून दहा वेळा द्यायचो. त्यांनी परिपत्रकाची घडी घालून मला परत दिली. 'वर म्हणजे कुठं?' हे मात्र ते स्वतःशीच म्हणाले. त्या दिवशी एलसी उघडली नाही.

तेव्हा मला त्यांचा प्रश्न जरा बालिश वाटला होता. एवढ्या मोठ्या देशाचं संकट, त्यात एक नाव कसं सांगायचं? नंतर रिटायर झाल्यावर फावल्या वेळात मी खरंच ते नाव शोधायचा प्रयत्न केला.

एप्रिल १९९१मध्ये पंतप्रधान होते चंद्रशेखर, अर्थमंत्री यशवंत सिन्हा. सरकार काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर. त्या पाठिंब्याचं भरवशाचं नसल्यामुळे मार्चमध्ये पूर्ण अर्थसंकल्प मांडताच आला नाही, चार महिन्यांच्या खर्चापुरतं लेखानुदान झालं. आणि त्याच आठवड्यात, राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस पाळत ठेवताना सापडले या कारणावरून, सरकार गेलं. देशाच्या गंगाजळीत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरलेले असताना देशाला पोटभर अर्थसंकल्प नव्हता आणि होतं ते काळजीवाहू सरकार. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते तसंच चाललं. काळजीवाहू हा शब्द कुणी काढला असेल? काळजी आम्ही वाहत होतो.

याच काळजीवाहू सरकारनं मे महिन्यात तस्करांकडून जप्त केलेलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या बँकेला, परत विकत घेण्याच्या बोलीवर, विकलं आणि सुमारे २० कोटी डॉलर उभे केले. सोनं गहाण टाकण्याच्या कागदावर सही घ्यायला अधिकारी पाटण्याला आला, आपण तेव्हा तिथं प्रचारात होतो, असं सिन्हांनी पुढे स्वतःच सांगितलंय. मला हे चित्र फार बोलकं वाटतं. उमेदवार मतं मागतोय, आणि मध्येच कुणीतरी येऊन देशाच्या सोन्याच्या कागदावर त्याची सही घेऊन जातोय. सिन्हांना मी दोष देत नाही. त्यांना खुर्ची मिळाली तीच मुळी आग लागलेल्या घरात. पण सभेत जमलेल्या लोकांना त्या सहीची गोष्ट कुणी सांगितली नाही, एवढं खरं.

तर सही सिन्हांची. ठरवलं कुणी? ते म्हणणार, मागच्यांनी. मागचे म्हणजे विश्वनाथ प्रताप सिंह. त्यांच्या काळात, २ ऑगस्ट १९९०ला इराक कुवेतमध्ये घुसला, तेल भडकलं, आखातातली आपली पावणेदोन लाख माणसं विमानांनी परत आणावी लागली आणि त्यांची मनीऑर्डर बंद पडली. आमच्या शाखेत याचा दुसरा चेहरा दिसायचा : मस्कत-बहरीनमधले रत्नागिरीचे, गोव्याचे लोक परकीय चलनातल्या एफसीएनआर ठेवी मुदतीआधी मोडायला पत्रं पाठवायचे. 'घरी अडचण आहे' असं लिहायचे. सगळ्यांच्या घरी एकाच महिन्यात अडचण. हा देश बुडतोय असं त्यांनी ऐकलं होतं, आणि त्यांच्या पैसे काढण्यानं तो आणखी बुडत होता. मी प्रत्येक पत्रावर शिक्का मारून पुढे पाठवायची.

सिंह म्हणणार, आम्ही डिसेंबर १९८९ला आलो तेव्हा तिजोरी रिकामीच होती, आधीच्यांना विचारा. आधीचे म्हणजे राजीव गांधी. पाच वर्षं उधारीवर खर्च, त्यातली बरीच उधारी अल्प मुदतीची, व्यापारी बँकांकडून काढलेली. १९९०-९१ उजाडेपर्यंत केंद्राची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांवर गेली. म्हणजे पुन्हा सगळे एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे, आणि आमचे टोपणवाले तसेच समोरच्या खुर्चीत.

या साखळीत एक नाव मात्र मला चटकन ओलांडून जाता येत नाही. राजीव गांधींचे शेवटचे अर्थमंत्री शंकरराव चव्हाण, आणि त्यांच्यानंतर, डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९०, मधु दंडवते. दोघेही महाराष्ट्रातले. त्यातले चव्हाण मराठवाड्याचे, ते आम्हाला लांबचे. दंडवते आमचे. आमचे म्हणजे अक्षरशः आमचे, राजापूर मतदारसंघाचे खासदार, १९७१पासून सलग पाच वेळा निवडून दिलेले. आमच्या कुडाळच्या घरात त्यांना नाना म्हणत, आणि तसे म्हणताना बाबांचा आवाज बदलायचा.

बाबा शाळामास्तर, सेवादलातले. नाना रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंची फोम घातला, ही गोष्ट आम्ही भावंडांनी रामायणासारखी ऐकलेली. गंमत म्हणजे तेव्हा कुडाळला रेल्वेच नव्हती. परळहून एसटीत बसायचं, रात्रभर हाडं मोजायची आणि सकाळी बाबांकडून रेल्वेच्या गादीची गोष्ट ऐकायची.

१९९१च्या गणपतीला मी घरी गेले. सप्टेंबर होता. त्या वर्षीच्या निवडणुकीत नाना पडले होते, काँग्रेसचे सुधीर सावंत आले होते आणि बाबांच्या घरात सुतक असल्यासारखं होतं. माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला, शिप्टं, कवंडळं बांधत होतो. मी स्टुलावर, बाबा खालून सुतळी देत होते. मी बँकेतलं काहीबाही सांगत होते, टोपणवाल्यांचंही सांगितलं, आणि बोलता बोलता म्हटलं, 'हे जे झालं ना बाबा, त्यात नानांचाही हिशेब लागतो.'

सुतळी यायची थांबली.

'नानांचो? तू बँकेत आसंस, तुका जास्त कळता. माका एक सांग. नानांनी सवताच्या घराक काय नेल्यानी?'

काही नाही. एक पैसाही नाही. याबद्दल त्यांचे विरोधकही कधी दुसरं बोलले नाहीत. पण मी ते विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, 'बाबा, आमच्याकडे कॅशियर असतो. संध्याकाळी कॅश जुळली नाही, पाचशे कमी आले, तर ते त्याच्या खिशातून जातात. त्याला कुणी चोर म्हणत नाही. सगळ्यांना माहीत असतं की घाईत एखाद्याला नोट जास्त गेली. तरी भरायचे त्यानंच. कारण पेटी त्याच्या ताब्यात होती.'

'म्हणजे नानांनी भरूक होये?'

'निदान सांगायला हवं होतं, किती शॉर्ट आहे ते. तिजोरी रिकामी आहे म्हणून आल्या आल्या सांगितलं, आणि मार्चमध्ये अर्थसंकल्पात शेतकऱ्यांची दहा हजारांपर्यंतची कर्जं माफ केली. पेटी रिकामी असताना?'

बाबा काही बोलले नाहीत. पडवीत काका बसले होते. आमच्या काकांचं सोसायटीचं कर्ज होतं, काजूच्या कलमांसाठी घेतलेलं, साडेसहा हजारांचं, थकलेलं. ते त्याच माफीत गेलं होतं. बाबांनीही त्याच सोसायटीतून, त्याच वर्षी कर्ज काढलं होतं. बाबांनी ते आंब्याच्या पैशातून वेळेवर फेडलं होतं. त्यामुळे बाबांना माफी नाही, काकांना माफी. आणि त्याबद्दल बाबांनी जन्मात एकदाही तक्रार केली नाही. उलट काकांना सोसायटीतून बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज उरलं नाही असा कागद, मिळाला तेव्हा तो वाचून दाखवायला बाबाच गेले होते.

काका पडवीतूनच म्हणाले, 'नानांका काय बोलू नको गो.' विषय संपला. माटवी बांधून झाली.

या भांडणात माझं म्हणणं बरोबर होतं, असं मला अजूनही वाटतं. पण तेव्हा मी जे बोलले नाही तेही लिहायला हवं. नाना अर्थमंत्री असतानाच, १९९० साली, कोकण रेल्वे महामंडळ निघालं. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस. केंद्राकडे पैसा नाही, तर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ यांना भागीदार करा, बाकी बाजारातून रोखे काढून उभे करा, ही वाट त्या दोघांनी मिळून काढली. महाराष्ट्राचा हिस्सा २२ टक्के. २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्ग सुरू झाला. माझा थोरला भाऊ त्या कामावर ठेकेदाराकडे चार वर्षं होता, त्या पैशांतून घराला स्लॅब पडला. म्हणजे आमच्या एकाच घरात काकांची माफी, भावाची नोकरी आणि माझ्या टेबलावरचं २०० टक्के मार्जिन. आम्ही नानांकडे कुठल्या तोंडानं हिशेब मागणार होतो? मतदारसंघानं पाडलं खरं, पण ते या सगळ्यासाठी नाही. १९९१ला आमच्या गावात परकीय गंगाजळी या विषयावर एकही मत पडलं नसेल, हे मी पैजेवर सांगते.

जुलै १९९१ मात्र वेगळाच होता. तो सांगितल्याशिवाय भाच्याचा हिशेब पुरा होत नाही.

२१ जूनला नरसिंह राव पंतप्रधान झाले. ते आधीच्या दोन्ही खेपांना आपल्या रामटेकमधून निवडून आलेले, मराठी चांगलं जाणणारे. १९९१ला तर त्यांनी निवडणूकच लढवली नव्हती. सरकार अल्पमतातलं. अर्थमंत्री मनमोहन सिंग, राजकारणात अगदीच नवे. १ जुलैला, सोमवारी, रुपया उतरवला. आमच्या टेबलावर नवा दर आला, आम्ही सगळ्या उघड्या एलसींचे आकडे पुन्हा मांडायला बसलो. ते पुरते मांडून व्हायच्या आत, बुधवारी पुन्हा उतरवला. दोन्ही मिळून अठरा-एकोणीस टक्के. डॉलर एकवीसवरून सव्वीसच्या आसपास गेला. फोनवर पार्ट्या आम्हालाच शिव्या घालत होत्या.

त्या बुधवारच्या सकाळी दिल्लीत काय चाललं होतं ते नंतर कळलं. सोमवारच्या ओरड्यानं राव धास्तावले आणि दुसरी घसरण थांबवा म्हणाले. सिंग यांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांना मुंबईत फोन लावला. रंगराजन म्हणाले, माझी उडी मारून झालीय. कारवाईला नावच उड्यांचं दिलेलं होतं. पुढे सगळ्यांनी या गोष्टीवर हसून घेतलं. मलाही हसू येतं. पण विचार करा, तो फोन अर्धा-पाऊण तास आधी लागला असता तर? तेव्हा 'ठरवलं कुणी' याचं उत्तर काय असतं?

त्याच दिवसांत, ४ ते १८ जुलैच्या दरम्यान, रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतलं जवळजवळ ४७ टन सोनं खेपाखेपांनी सहार विमानतळावर गेलं. त्यावर बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून साडेचाळीस कोटी डॉलर मिळाले. त्यातल्या एका गाडीचा टायर रस्त्यात फुटला आणि रक्षकांची पाचावर धारण बसली, असं सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या इमारतीवरून मी रोज संध्याकाळी चालत व्हीटीला जायची, पावसात छत्री सांभाळत, पावणेसहाची लोकल पकडायला. मी काहीही पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी एक बंद गाडी, दोन पोलीस, एवढंच दिसलं असतं. देशालाही एवढंच दिसावं अशी व्यवस्था होती. बातमी फुटली ती पेपरमुळे. सरकार संसदेत बोललं ते त्यानंतर.

तेव्हा सगळीकडे एकच उपमा चालली होती, घरातलं सोनं गहाण टाकलं, मंगळसूत्र टाकलं. लोकलच्या लेडीज डब्यात तर दुसरं बोलणं नव्हतं. एका बाईनं मात्र फार नेमकं सांगितलं. ती भायखळ्याला चढायची, भाजी निवडत जायची. ती म्हणाली, माझा नवरा माझ्या पाटल्या घेऊन गेला तेव्हा मला विचारून गेला. मी नाही म्हटलं, तरी गेला, पण विचारलं तरी.

त्या मानानं २४ जुलै बरा. संध्याकाळी अर्थसंकल्प. पेट्रोल-गॅस महागले, खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढल्या. सिंग यांनी तूट किती, उधारी किती, कुठं चुकलं, हे सरळ वाचून दाखवलं. त्यात ऐंशीच्या दशकापासून वाढत गेलेल्या तुटीचेही आकडे होते, आणि वाचणारा काँग्रेसचाच अर्थमंत्री. पुढचे पंधरा दिवस खतांवरून त्यांच्याच पक्षाचे खासदार त्यांच्यावर तुटून पडले. तेव्हा वाढ ३० टक्क्यांवर आणली, लहान शेतकऱ्यांना वगळलं. काहींना ती माघार वाटली. मला वाटलं, चला, कुणीतरी समोर उभा राहून शिव्या खातोय आणि त्यावर काहीतरी बदलतोय. टोपणवाल्यांना दाखवायला निदान एक चेहरा तरी मिळाला.

आणि राव? लायसन्स-राज मोडणारं नवं औद्योगिक धोरण त्याच दिवशी, अर्थसंकल्पाच्या काही तास आधी संसदेत आलं. उद्योग खातं खुद्द रावांकडे. पण धोरण मांडायला उभे राहिले त्यांचे राज्यमंत्री, पी. जे. कुरियन. स्वतःच्या खात्याचा, स्वातंत्र्यानंतरचा सगळ्यात मोठा निर्णय, आणि पंतप्रधान बोलले नाहीत. यात मुरब्बीपणा होता म्हणतात. असेलही. धोरण पार पडलं, श्रेय नंतर सिंग यांना मिळालं, शिव्याही त्यांनाच. मी रावांना मोठा माणूस मानते, तरी हे मला आवडलेलं नाही.

बाबा एक गोष्ट सांगायचे ती इथं आठवते. १९५८चा जानेवारी असावा, बाबा तेव्हा मुंबईत नोकरी शोधत होते. नवीनच निघालेल्या आयुर्विमा महामंडळानं मुंध्रा नावाच्या माणसाच्या डबघाईच्या कंपन्यांचे सव्वा कोटीचे शेअर घेतले होते. फिरोज गांधींनी, म्हणजे पंतप्रधानांच्या जावयानं, ते लोकसभेत बाहेर काढलं. एकसदस्य आयोग बसला, न्यायमूर्ती छागलांचा, मुंबईत, उघड्या सुनावणीचा. गर्दी इतकी की बाहेर लाऊडस्पीकर लावले. बाबा त्या गर्दीत उभे होते. अर्थमंत्री आणि बडे अधिकारी 'हे कुणी ठरवलं' या एकाच प्रश्नाचं उत्तर देत होते, आणि ते रस्त्यावर ऐकू येत होतं. काही आठवड्यांत अहवाल आला, फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. त्यांनी पैसे खाल्ले असं छागलाही म्हणाले नव्हते. खात्याच्या मंत्र्याला सचिवामागे लपता येत नाही, एवढंच.

म्हणजे माझं कॅशियरचं गणित बाबांनी माझ्या जन्माआधीच, भर रस्त्यात उभं राहून ऐकलेलं होतं. सव्वा कोटीला जे झालं ते सबंध देशाची पेटी शॉर्ट आली तेव्हा झालं नाही. १९९१ कसं ओढवलं हे शोधायला असा कुणी न्यायाधीश बसला नाही, लाऊडस्पीकर लागला नाही. दुसऱ्या वर्षी शेअर घोटाळा आला, त्याच्यावर संयुक्त संसदीय समिती बसली. घोटाळ्यात चोर असतो ना, त्याला शोधायला सगळ्यांना हुरूप येतो.

२००५च्या नोव्हेंबरात नाना गेले. बाबांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही. संध्याकाळी मुंबईला मला फोन केला, इकडचं तिकडचं बोलले, आणि ठेवता ठेवता म्हणाले, 'त्या तुझ्या कॅशियराचा काय झाला गो?' मला आधी कळेचना. चौदा वर्षं ते त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, कुठला कॅशियर बाबा, बरे आहेत सगळे. मला तेव्हा नीट बोलता आलं असतं. बोलले नाही.

गेल्या वर्षी माळा साफ करताना काकांचा बेबाकी दाखला सापडला. वाळवीनं एक कोपरा खाल्लाय, पण सोसायटीचा जांभळा शिक्का शाबूत आहे. भाच्याला फोटो पाठवला. त्यानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, तुझ्या त्या सोन्यातला आपला वाटा. त्यानं अंगठा पाठवला. कळलं असेल का, माहीत नाही.

राहिले टोपणवाले. मेमध्ये आयातीच्या कर्जाच्या व्याजावर आणखी २५ टक्के अधिभार बसला होता. त्यांनी जूनमध्ये एकदा कशीबशी एक लाखाच्या मालाची एलसी उघडली, दोन लाख भरून. जुलैत रुपया उतरला तेव्हा माल वाटेत होता, त्याचे जादा पैसे पुन्हा भरले. दिवाळीनंतर ते खातं बंद करायला आले. बंद करण्याच्या अर्जात एक रकाना असतो, 'कारण'. तिथं बहुतेक लोक 'वैयक्तिक' लिहितात. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण मागच्या बाजूला नीट खोचलं आणि लिहिलं, 'वरून'.

मी म्हटलं, साहेब, असं चालणार नाही, ऑफिसर परत पाठवतील.

'मग तुम्हीच लिहा काय ते,' म्हणाले. मी ते खोडून 'वैयक्तिक' लिहिलं आणि बाजूला त्यांची सही घेतली.